खंडेनवमीचा कुकर

दार लागलं तेव्हा मी आत होतो.

आधी मला वाटलं, ढग आला. लोखंडी पिंपात बसून ज्याला ढग आठवतात त्या माणसाच्या अकलेविषयी मी जास्त काही बोलत नाही. मग चाक फिरल्याचा आवाज आला, कर्र, कर्र, कर्र, आणि दाराच्या कडेचं रबर असं दाबून बसलं की माझ्या कानांत दडे बसले. उजेडाची शेवटची रेघ गेली. बाहेर कुणीतरी म्हणालं, "आता हार घाला. जरा वर धरा मामा, स्वस्तिक झाकतंय."

आणि आरती सुरू झाली.

मी हसलो. खरंच सांगतो, हसलो. म्हटलं, थट्टा चाललीय सोपानाची. तरसाच्या पाठीवर बसून ओढा ओलांडल्याची माझी गोष्ट ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही गोष्टही तसलीच वाटेल, पण तरसाची गोष्ट सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही आणि या गोष्टीचा डाग माझ्या उजव्या खांद्यावर आहे. तळहाताएवढा. त्यावर केस उगवत नाहीत.

ते पिंप म्हणजे आमचा कुकर. खडकमाळावर तालुक्यातल्या सगळ्या दवाखान्यांचा कचरा यायचा, तिथलं हे यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव ऑटोक्लेव्ह, पण आडवं पडलेलं एवढं मोठं भांडं, आत वाफ, वर शिट्टीसारखा वॉल्व, मग दुसरं काय म्हणणार? सलाइनच्या नळ्या, सिरिंजा, हातमोजे अशा लाल पिशव्या ढकलगाडीत भरून आत लोटायच्या, दार लावायचं, वाफेनं जंतू मारायचे, मग श्रेडरमध्ये घालून तुकडे करायचे. पूर्वी हे सगळं भट्टीत जाळत. धूर उतरायचा खालच्या वाडीवर. वाळत घातलेल्या कुरडया संध्याकाळी काळ्या सापडायच्या, तान्ही पोरं म्हाताऱ्यांसारखी खोकायची. एक दिवस वाडीच्या बायका रस्त्यात बसल्या आणि त्यांनी कचऱ्याची गाडी अडवली. भट्टी बंद झाली आणि कुकर आला. ही त्याची पहिली खंडेनवमी.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची तशी आम्ही यंत्रं पुजत होतो. बॉयलरला हार, श्रेडरला हार, गाडीच्या बोनेटवर नारळ. मला केंजळेसाहेबांनी पेढे आणायला पाठवलं होतं. केंजळेसाहेब म्हणजे आमचे इंजिनिअर, शहरातला तरुण पोरगा, स्वभावानं गोड, फक्त जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला शिकवलेली आहे असं त्यांना वाटायचं. फाटकाशी मला गाडीचा ड्रायव्हर भेटला. तो गावातच निघाला होता. पेढ्यांचं त्याच्या गळ्यात घातलं आणि श्रेडरच्या बाजूनं परत आलो. पाहतो तर कुकरचं दार उघडं आणि आत मागच्या भिंतीला वितळलेल्या हातमोज्याचा एक गोळा चिकटलेला. पाचही बोटं वर. पूजेला आलेलं माणूस आत डोकावलं तर आशीर्वाद दिल्यासारखं दिसेल. म्हणून पत्र्याची पट्टी घेतली आणि रांगत आत शिरलो.

म्हणजे बाहेरच्यांच्या हिशेबी मी गावात होतो.

"अरे, मी आत आहे!" मी ओरडलो. तोवर बाहेर टाळ, घंटा, टाळ्या आणि बॉयलरवाल्या हैबतीमामांचा आवाज. त्या आवाजापुढे मी ओरडलो काय आणि मनात म्हटलं काय, एकच.

आणि मग मला आठवलं. पूजेनंतर रिकामी फेरी.

रोज सकाळी कचरा घालण्याआधी कुकर एकदा रिकामाच चालवायचा. पंप आतली हवा ओढून घेणार, पुरती ओढली गेली की वाफ आपोआप आत येणार. हवा राहिली तर वाफ कोपऱ्याकोपऱ्यात पोचत नाही आणि जंतू जगतात, म्हणून ही परीक्षा. ही फेरी रोज मीच घेत होतो. आता काय होणार, कशामागून काय होणार, वाफ कुठल्या भोकातून येणार, सगळं मला पाठ होतं. आधी श्वास जाणार. मग बाकीचा मी.

हसू कुठं गेलं मला माहीत नाही.

मी पट्टीनं दारावर ठोके मारायला लागलो. जिवाच्या आकांतानं. आणि आरतीत असा चमत्कार असतो की तुम्ही कसेही ठोके मारा, ते तालात बसतात. बाहेर हशा पिकला.

"ऐका, ऐका! कुकर ताल धरतोय!" हा सुगंधाक्काचा आवाज.

सुगंधाक्का पिशव्या निवडायची. पिवळ्या वेगळ्या, लाल वेगळ्या, सुया वेगळ्या. माझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठी असेल. जाड हातमोजे, तोंडाला फडकं, पण फडक्यातूनही जीभ अशी चालायची की समोरच्याला वाटावं सुया हिच्या डब्यातच आहेत. असल्या कामाला बायका सहसा येत नसत. ही आपण होऊन आली होती. मी समजत होतो की हिला रोज बोलायला कुणीतरी लागतं आणि मी आयता सापडलोय.

"सोपानाच्या ढोलकीपेक्षा बरा वाजवतोय की!" ती म्हणाली आणि पुन्हा हशा.

मी आणखी जोरात मारलं. पट्टी हातातून सटकली आणि ढकलगाडीच्या रुळांच्या मधे कुठंतरी खणकली. अंधारात चाचपडलो. सापडली नाही. पण चाचपडताना हाताला दुसरंच काहीतरी लागलं, आणि माझे हात तिथंच थांबले.

भिंत कोमट होती.

कुकरला दुहेरी भिंत असते. पहिली वाफ त्या दोन भिंतींच्या मधे सोडतात, म्हणजे भांडं आधी तापून राहतं. ती सोडायचं काम हैबतीमामांचं. मामांनी आरती म्हणता म्हणता वॉल्व उघडला होता. पूजाही होते आणि कामही.

मी गुडघ्यांवर होतो ते उठून गमबुटांवर बसलो, पाठ कशालाच लागणार नाही असा. अंगातून घाम नाही, पाणी जात होतं. आणि मनात काय यावं? बायको माहेरी गेलेली, ती परत आली की तिला मी दाखवणार कसा? हातमोज्याचा गोळा निदान हातमोज्यासारखा तरी दिसत होता.

आरती संपली. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. थांबलो. कान दाराला लावला. तिथं रबरामुळे लोखंड अजून गार होतं.

आता तुम्ही विचाराल, मला बाहेरचं ऐकू येत होतं तर बाहेरच्यांना माझं का नाही? आलं ना. पण मी "मेलो, मेलो" म्हणालो की तो शब्द आधी त्या पिंपात मागेपर्यंत जायचा, तिथून परत यायचा, वाटेत दुसऱ्या "मेलो"वर आपटायचा, आणि एवढ्या जाड लोखंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचा रेडा व्हायचा. मला मागाहून सांगितलं त्यांनी. "हूंऽऽ" असं ऐकू येत होतं. लांबून. जमिनीखालून आल्यासारखं.

"साहेब," हैबतीमामांचा आवाज आला, "आरती थांबली तरी ह्ये ठोकतंयच."

"अहो मामा, गार पाइपात वाफ शिरली की आतलं पाणी ठोके मारतं. पुस्तकात आहे ते. वॉटर हॅमर म्हणतात. अगदी नॉर्मल आहे." मग जरा मोठ्यानं, "सुगंधाताई, आज बटण तुमच्या हातानं. या. कुंकू लावा आणि दाबा."

"म्या? सोपाना रडंल की. त्याचं बटण हाय त्ये."

"सोपाना पेढे खात बसला असेल. दाबा तुम्ही."

पंप सुरू झाला.

त्या आवाजानं माझे दात वाजायला लागले. कानांत आधी कुणीतरी बोटं घातली, मग ती बोटं आतल्या आत फुगायला लागली. छातीवर कुणी बसलं नव्हतं, उलट छातीच कुणीतरी बाहेर ओढत होतं. मी तोंड उघडलं तर तोंडातली हवा माझी राहीना. वाघ, तरस, साप सगळ्यांच्या गोष्टी मी सांगितल्या आहेत, त्या सगळ्यांना निदान तोंड असतं. इथं मला खात होतं ते नुसतं रिकामं होतं.

आणि अशा वेळी माणसाला काय सुचावं? मला शिवी सुचली. रोजची शिवी.

कुकरच्या पुढच्या बाजूला तळाशी एक जाळी असते. पंप हवा ओढतो तो तिच्यातून. एखादी पिशवी फाटून त्या जाळीवर बसली की हवा निघत नाही, यंत्र अडतं, भोंगा वाजतो आणि सोपानानं दार उघडून हात घालून ते चिंधूक काढायचं. आठवड्यातून एकदा तरी व्हायचंच. तेव्हा मी जी शिवी द्यायचो तीच तोंडात आली, आणि शिवीमागून जाळी आठवली.

शर्ट अंगातून काढला नाही, फाडला. बोळा केला. जाळी चाचपून तिच्यावर कोंबला आणि त्यावर दोन्ही गुडघे रोवून बसलो. खालून पंप शर्ट ओढतोय, वरून मी दाबतोय. मला आयुष्यात कुणी एवढ्या जोरानं ओढलेलं नाही. आणि हळूहळू छाती परत माझी झाली. हवा जेवढी उरली होती तेवढ्यावर थांबली. पंप गुरगुरत राहिला, गुरगुरत राहिला, आणि मग भोंगा वाजला.

असला गोड भोंगा मी ऐकलेला नाही.

"जाळी तुंबली," केंजळेसाहेब म्हणाले. "एवढंच. पंप बंद करा. दार उघडा मामा, जाळी साफ करू."

मी म्हटलं, सुटलो. आनंदानं मी दार धडाधडा बडवलं.

आणि तिथंच चुकलं. कारण आता पंप बंद होता. भोंगा बंद होता. शेडमध्ये टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता होती, आणि त्या शांततेत बंद रिकाम्या कुकरातून धड, धड, धड.

मग हैबतीमामा, अगदी हळू, "साहेब, ह्ये तुमच्या पुस्तकात हाय का?"

मामांविषयी सांगायला पाहिजे. भट्टी होती तेव्हा ते भट्टीवर होते. उभा जन्म जाळण्यात गेलेला. भट्टी गेली आणि त्यांना बॉयलर दिला, पण बॉयलरकडे ते घरजावयाकडे बघावं तसं बघायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. आगीत टाकलं की जे काय असेल ते सुटतं. उकडलेलं सुटत नाही. आम्ही हजारदा सांगितलं, मामा, माणसाच्या अंगाचं जे असेल ते कुकरात जातच नाही. ते पिवळ्या पिशवीतून मागच्या खोल खड्ड्यात जातं, वर चुना, वर लोखंडी झाकण. मामा मान हलवायचे. "पिशवीत काय यील कुणी बघितलंय? आन खड्ड्यात तरी आग कुठं हाय? न जळल्यालं सुटत न्हाई बाबांनो. त्ये हितंच फिरतंय."

आम्ही हसायचो. सगळे हसायचे. त्या क्षणी कुणी हसलं नाही.

"मांजर असेल," केंजळेसाहेब म्हणाले. आवाज पुस्तकाचा राहिला नव्हता.

"मांजार असं ठोकतंय व्हय?"

"मग माणूस असेल कुणीतरी!"

"समदी माणसं तर हितं हुबी हायत. बघा की."

"सोपाना?"

"सोपाना गावात. म्या सोता फाटकापातुर जाताना बघितलाय त्याला."

मी ओरडलो. माझं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, भावकीतल्या चार जणांची नावं. बाहेर एक लांबलचक हूं गेला असणार, कारण पूजेला आलेली वाडीतली एक बाई किंचाळली आणि पावलं पळाली. मग दाराशी, अगदी माझ्या कानाजवळ, हैबतीमामांचा आवाज आला. प्रेमळ. आजारी माणसाशी बोलावं तसा.

"कोन हाईस बाबा? घाबरू नगं. किती जण हायसा?"

मी तीन ठोके मारले. का मारले? मारायचेच होते म्हणून.

"साहेब, तिघं हायत."

"मी... मी कंपनीला फोन लावतो," केंजळेसाहेब म्हणाले. "ज्यांनी मशीन बसवलं त्यांना विचारतो. इथं रेंज नाही, बाहेर जाऊन आलो." आणि त्यांचे बूट खडीवरून लांब गेले.

आता दाराबाहेर हैबतीमामा आणि मी, मधे चाक. एकदा फिरवलं असतं त्यांनी. पण मामा घाबरले होते, आणि घाबरून पळून जाणाऱ्यांतले ते नव्हते. ते घाबरले की त्यांना कर्तव्य सुचायचं. तेच फार वाईट.

"तुमास्नी भट्टी मिळाया पायजे हुती," ते दाराला सांगत होते. "ह्या लोकांनी तुमास्नी आर्धवट उकडून ठेवलं. अडकलासा तुमी. पण म्या हाय. म्या तुमास्नी लावतो वाटंला. हातानं वाफ सोडतो. भरपूर सोडतो. जावा सुखानं."

हातानं वाफ सोडायचा एक वेगळा वॉल्व होता. यंत्र अडलं तर वापरायचा. त्याला जाळीशी, पंपाशी काही देणंघेणं नव्हतं. मामांनी तो उघडला की माझा शर्ट माझ्या काही कामाचा नव्हता.

"मामा!" मी ओरडलो. "मामा, मी! सोपाना! मामा!"

"हां, हां," मामा बाहेरून म्हणाले. "झालंच."

पावलं बाजूला गेली. वॉल्वची चकती फिरताना किंचाळते, तिला तेल द्यायचं राहिलं होतं. ती किंचाळली. माझ्या डोक्यावर कुठंतरी पाइपात खदखदलं. आधी वाफ आली नाही, पाणी आलं. उकळतं. ते खांद्यावर पडलं तेव्हा मी काय ओरडलो मला आठवत नाही, पण माझ्या पायांखालचं लोखंडसुद्धा हललं असेल. मी दाराच्या कोपऱ्यात मुटकुळं करून बसलो. मग फुसफुस सुरू झाली. वास आला, ओल्या लोखंडाचा. नाकातोंडात गरम फडकं कोंबल्यासारखं झालं. अंधार होता तो पांढरा झाल्यासारखा वाटला, दिसत काही नसताना.

मी दार बडवत होतो, पण हात येईनात. मुठी वळेनात. पंजा पडायचा नुसता, थाप मारल्यासारखा. टप. मग बऱ्याच वेळानं टप. ओरडणं कधीच संपलं होतं. तोंडातून जे येत होतं ते रडणं होतं, बारीक, एकसुरी. लाज वाटायला कुणी नव्हतं आत.

टप. टप.

आणि बाहेर सुगंधाक्काचा आवाज आला. ती पळून गेली नव्हती. इतका वेळ बोलली नव्हती एवढंच, आणि तिचं असं गप्प राहणं मला तोवर माहीत नव्हतं.

"मामा, व्हाल बंद करा."

"अगं पोरी, आता कुठं शांत व्हायला लागलंय त्ये. ऐक की. मंद झालंय."

"बंद करा म्हणते ना."

"अर्ध्यात सोडलं तर खवळंल!"

चकती पुन्हा किंचाळली. मामांनी फिरवली नाही, हे मला किंचाळण्यावरूनच कळलं. मामा सावकाश फिरवतात, ही एका झटक्यात फिरली. फुसफुस थांबली. पावलं आली. दाराच्या चाकावर हात पडले.

"सुगंधे! दार नगं उघडू! त्ये भाईर यील!"

"यिऊ दे की," ती म्हणाली.

कर्र. कर्र. कर्र.

रबर सुटल्याचा आवाज आला, वाफ भसकन गेली, आणि उजेड असा अंगावर आला की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर सुगंधाक्का. गुडघ्यांवर बसलेली. फडकं तोंडावरून काढलेलं. हातमोजे काढलेले. दोन्ही हात पुढे केलेले, पण असे, खाली, जमिनीपासून वीतभर वर, तळवे वर करून. त्या हातांवर मी कोसळलो, माझ्या सगळ्या वजनानिशी, उघडा, लालबुंद, नाकातून पाणी गाळत.

तिनं माझ्याकडे पाहिलं.

मला आजवर पुष्कळ लोकांनी निराश होऊन पाहिलंय. बापानं पाहिलंय, मास्तरांनी पाहिलंय, सासऱ्यानं तर साखरपुड्यातच पाहिलं. पण तसं कुणी पाहिलं नाही.

"तू व्हय," ती म्हणाली.

मग गोंधळ झाला. हैबतीमामांनी माझ्या गळ्यात पडून मोठ्यानं गळा काढला, "आरं म्या तुला वाटंला लावत हुतो रं!" आणि प्रत्येक हुंदक्याला नेमके पोळलेल्या खांद्यावर थोपटत राहिले. केंजळेसाहेब फोन कानाला लावूनच आत आले. "हॅलो, हां, नाही, माणूस निघाला. माणूस. नाही, जिवंत आहे. नाही, वॉरंटीचं नंतर बोलू." वाडीच्या बायका लांबूनच नमस्कार करत होत्या, मला की कुकरला कळायला मार्ग नव्हता. आणि ड्रायव्हर पेढे घेऊन हजर झाला आणि म्हणाला, "सोपाना, हे घे, आणि शर्ट कुठंय तुझा?"

सुगंधाक्का मला श्रेडरच्या शेडमागं घेऊन गेली. नळाखाली बसवलं आणि खांद्यावर पाणी सोडलं. न बोलणारी सुगंधाक्का मला सोसेना.

"अक्का, तू नसतीस तर शिजलो असतो," मी म्हटलं.

"हं."

"तुला कळलं कसं मी आहे ते?"

"न्हाई कळलं."

पाणी पडत राहिलं.

"सोपाना," ती म्हणाली, "शेवटाला हळू का मारत हुतास?"

"दमलो होतो गं. मूठ वळत नव्हती."

"मला वाटलं, बारका हात हाय."

मला आधी समजलंच नाही. मी मान वळवून तिच्याकडे पाहायला लागलो तर तिनं माझं डोकं पुन्हा नळाखाली दाबलं.

"गेल्या वर्षी झाली मला," ती म्हणाली. "मुलगी हुती म्हणं. मेल्यालीच झाली. सासू म्हणाली, बघू नगं, बघितलं की डोळ्यांम्होरनं हलणार न्हाई. दाखवली न्हाई कुणी. मी आपली पडून. पडद्याच्या खालनं पिवळी पिशवी जाताना दिसली तेवढी. मागनं इचारलं, ही गाडी कुठं जाती. खडकमाळाला जाती म्हणाले. तवा भट्टी बंद झाल्याली. मामा म्हणत्यात न जळल्यालं हितंच फिरतंय. तुमी हसता त्यास्नी. म्या कधी हसले न्हाई, बघ आठवून."

मी आठवून पाहिलं. खरं होतं.

"म्हणून आलीस इथं कामाला?"

"मग काय तुझं त्वांड बगाया आले व्हय?"

मी हसलो आणि त्यातच रडायलाही लागलो, आणि नळाचं पाणी होतं म्हणून बरं.

"बटण म्याच दाबलं हुतं, सोपाना," ती अगदी हळू म्हणाली. "ती टप टप ऐकली आन माझ्या मनात आलं, मागच्या खेपेला म्या उठले न्हाई. पडून ऱ्हायले. आता उठायला पायजे."

तिनं नळ बंद केला. पदरानं माझा खांदा टिपला, एवढा अलगद की मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

दसऱ्यानंतर केंजळेसाहेबांनी कुकरच्या वर लाल अक्षरांत पाटी लावली. दार लावण्याआधी आत डोकं घालून मोठ्यानं विचारणे, आत कुणी आहे का. तपासणीला येणारे साहेब लोक त्या पाटीचं कौतुक करायचे. हैबतीमामा ती पाटी वाचून खाली बघायचे, आणि न जळलेल्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. बटण पुन्हा माझ्याकडे आलं, पण विचारायचं काम सुगंधाक्कानं कुणाला दिलं नाही.

रोज सकाळी ती फडकं खाली ओढायची, कुकरच्या तोंडाशी ओणवी व्हायची आणि कमरेपर्यंत आत जायची. पाटीवरचं वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. अंगणात खेळायला गेलेल्याला बोलवावं तशी हाक असायची तिची.

"हाईस का गं?"

आतून तिचाच आवाज फिरून यायचा. तो पुरता विरेपर्यंत ती तशीच थांबायची. मीही हात मागे घेऊन थांबायचो. मग ती बाहेर यायची, फडकं वर ओढायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "लाव."